ओहोटी कुठे गेली?

शीर्षकातला प्रश्न माझा नाही, आमच्या नानांचा आहे. नाना म्हणजे आमचे जुने स्नेही. जन्म हर्णैचा, त्यामुळे समुद्र दिसला की हा माणूस आधी पाण्याची रेषा पाहतो आणि मग बाकीचे जग.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही तीन जोडपी युरोपच्या सहलीला गेलो. आम्ही दोघे, नाना आणि वहिनी, आणि माझ्याच शाळेत गणित शिकवलेले एक मास्तर व त्यांची पत्नी. लिस्बनला विमानातून उतरलो, बसने दक्षिण स्पेन पाहिला, बार्सिलोनाला एका मोठ्या प्रवासी जहाजावर चढलो आणि भूमध्य समुद्रातून फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस अशी बंदरे घेत ट्रिएस्टला उतरलो. युरोपातली चर्चे, पुतळे आणि दुकाने यांचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला त्या समुद्राविषयी सांगणार आहे.

जहाजावर चढण्याच्या आदल्या रात्री आम्ही बार्सिलोनाच्या बंदराजवळच उतरलो होतो. पौर्णिमा होती. जेवण झाल्यावर सगळे धक्क्यावर फिरायला गेलो. नानांनी नेहमीप्रमाणे पाणी कोणत्या दगडाला लागते आहे ते पाहून ठेवले. पहाटे तीनला त्यांना जाग आली, तेव्हा ते एकटेच पुन्हा जाऊन पाहून आले. सकाळी चहाच्या टेबलावर ते जरा चिडलेलेच होते. "अहो, पौर्णिमेचं उधाण, सहा तास झाले, आणि पाणी त्याच दगडाला! ओहोटी कुठे गेली?"

नानांचे चिडणे तुम्ही कोकणात राहत असाल तर समजेल. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी मुंबईला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते. खंबायतच्या आखातात तर दहा मीटरांच्याही वर. खाडीतली होडी केव्हा निघणार, कालवे काढायला केव्हा जायचे, हे सगळे भरती-ओहोटी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब हर्णैचा लहान मुलगाही करतो. आणि बार्सिलोनाला भरती किती? वीतभर! वाऱ्याच्या लाटांत ती शोधूनही सापडत नाही.

हा फरक नवा नाही, आणि त्याने जुन्या काळी मोठमोठ्यांची फजिती केली आहे. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये सिकंदर सिंधू नदीच्या मुखाशी पोचला. त्याचे खलाशी याच भूमध्य समुद्राच्या काठचे. ओहोटीने त्यांची जहाजे चिखलात बसली आणि पुन्हा भरतीचे पाणी चढून आले, तेव्हा ते भेदरून गेले, असे ग्रीक इतिहासकार लिहितात. इसवी सनापूर्वी ५५ मध्ये ज्युलियस सीझर ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरला. पौर्णिमेच्या रात्री उधाण आले, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जहाजे पाण्याने भरली आणि नांगरलेली एकमेकांवर आदळून फुटली. पौर्णिमेला असे होते हे रोमन लोकांना माहीत नव्हते, असे सीझर स्वतःच नमूद करतो. पुढे पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचच्या भरतीचे भीतिदायक वर्णन आले आहे. परदेशी जहाजांना वाट दाखवायला तिथले कोळी होड्या घेऊन पुढे जात, असेही तिच्यात लिहिले आहे. म्हणजे आपले कोळी त्या वेळी भूमध्य समुद्राच्या खलाशांचे मास्तर होते म्हणायचे!

आता कारण पाहू. भरती चंद्रामुळे येते हे तुम्ही शिकला आहात. (सूर्याचाही वाटा आहे, पण निम्म्याहून कमी.) चंद्र भूमध्य समुद्रावरही असतोच. मग तिथे पाणी का चढत नाही? तर चंद्र पाणी वर उचलतो, असे आपण म्हणतो ते ढोबळ आहे. तो पाणी आडवे ओढतो, आणि हजारो किलोमीटर पसरलेल्या महासागरात हे थोडे थोडे ओढलेले पाणी साठत जाऊन किनाऱ्याशी फुगते. तळ्यात भरती येत नाही ती याचमुळे, कारण तिथे गोळा व्हायला पाणीच नाही. भूमध्य समुद्र तळ्यापेक्षा खूप मोठा आहे, पण महासागराच्या मानाने लहान. पूर्व-पश्चिम लांबी जेमतेम चार हजार किलोमीटर, आणि तीही इटली आणि सिसिलीने मध्येच तोडलेली. त्याची स्वतःची भरती वीतभरच होणार.

पण मग अरबी समुद्रासारखे का होत नाही? आपल्या किनाऱ्यावरची भरतीही काही अरबी समुद्राची एकट्याची नव्हे. हिंदी महासागराची भरतीची लाट उघड्या दारातून आत येते. भूमध्य समुद्राचे दार जिब्राल्टरला आहे. ते दार आम्ही आधीच पाहून आलो होतो. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारीफा नावाचे गाव आहे. तिथे उभे राहिले की समोर आफ्रिकेचे डोंगर दिसतात. मध्ये पाणी अवघे चौदा किलोमीटर. दाराच्या अलीकडे अटलांटिकच्या काठी काडिझला उधाणाची भरती दोन-तीन मीटर असते. दारातून आत आल्यावर मालागाला अर्ध्या मीटराच्या आसपास.

मास्तरांनी बसमध्येच याचे गणित मांडले. तुम्हीही वही घ्या. भूमध्य समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर. त्याची पातळी समजा एक मीटर वाढवायची, तर २,५०० घन किलोमीटर पाणी आत घ्यावे लागेल, आणि तेही सहा तासांत, कारण त्यानंतर ओहोटी सुरू होते. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे ११ कोटी ६० लाख घनमीटर पाणी आले. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून प्रत्यक्षात सरासरी सेकंदाला सात-आठ लाख घनमीटर पाणी आत जाते. ॲमेझॉन नदी सेकंदाला सुमारे दोन लाख घनमीटर पाणी समुद्रात टाकते हे लक्षात घेतले, तर हा आकडा लहान नाही. पण भरतीला लागणाऱ्या पाण्यापुढे तो दीडशेव्या हिश्शाएवढाच. दार अरुंद, वेळ थोडा, म्हणून अटलांटिकची भरती दारातच अडते.

नियम म्हटला की अपवाद आलेच. ट्युनिशियाच्या काठी गाबेसच्या उथळ आखातात पाणी दोन मीटरांपर्यंत चढते. आणि व्हेनिसचीही थोडी वेगळी गोष्ट आहे, ती शेवटी सांगतो.

आठ लाख घनमीटर पाणी आत येते म्हटल्यावर माझ्या पत्नीने सरळ विचारले, "मग समुद्र भरून का वाहत नाही?" हा प्रश्न अडाण्याचा वाटेल, पण शेकडो वर्षे विद्वानांना तो पडलेला होता. जिब्राल्टरला वरचे पाणी सदैव पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे आतच वाहते. नाईल, ऱ्होन, पो, एब्रो या नद्या आतच येतात. काळ्या समुद्राचे जास्तीचे पाणीही बॉस्फरसमधून इकडेच येते. सगळे येणारेच, जाणारा कोणी नाही!

उत्तराचा पहिला अर्धा भाग शोधला धूमकेतूवाल्या हॅलीने. १६८७ साली त्याने खारट पाण्याचे भांडे उन्हाळ्यातल्या हवेइतके ऊबदार ठेवले, दोन तासांत त्याचे वजन किती घटते ते मोजले आणि त्यावरून सबंध भूमध्य समुद्रातून रोज किती वाफ जात असेल याचा अंदाज केला. नद्यांचे पाणी या वाफेच्या जेमतेम एक तृतीयांश भरले. आजचे मोजमाप अधिक बारकाईचे आहे, पण निकाल तोच. या समुद्रावर ऊन कडक, आजूबाजूला वाळवंटी कोरडी हवा, पाऊस बेताचा. पाऊस, नद्या आणि काळा समुद्र मिळून जेवढे देतात त्यापेक्षा वर्षाकाठी अर्ध्या मीटराहून थोडा जास्त जाडीचा थर अधिकच उडून जातो. हे घर कायमचे तुटीत आहे. जिब्राल्टरहून उसने आणले म्हणूनच चालते.

परंतु याने प्रश्न सुटला नाही, उलट दुसरा उभा राहिला. वाफ जाते ती गोड्या पाण्याची. मीठ मागेच राहते. अटलांटिकचे पाणी रोज नवे मीठ आत आणते आणि ते बाहेर पडत नाही, तर समुद्र दिवसेंदिवस खारट होत जाऊन शेवटी मिठागर व्हायला हवा. तसे होत नाही. म्हणजे मीठ कुठून तरी बाहेर पडत असले पाहिजे.

ते कसे पडते, याचा पुरावा प्रथम जिब्राल्टरला मिळाला नाही. तो मिळाला समुद्राच्या दुसऱ्या टोकाला, इस्तंबूलजवळच्या बॉस्फरसमध्ये. १६७९ साली लुइजी मार्सिली नावाचा एकवीस वर्षांचा इटालियन तरुण तिथे गेला होता. वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून येतो हे सगळ्यांना दिसत होते. पण तिथले मासेमार त्याला म्हणाले की, खाली उलटा प्रवाह आहे, आमची जाळी खोल गेली की उलटीकडे ओढली जातात. मार्सिलीने ते थट्टेवारी नेले नाही. दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे ठिकठिकाणी बांधून त्याने ती पाण्यात सोडली. वरचे तुकडे एका दिशेला गेले, खालचे उलट्या दिशेला. मग त्याने वरच्या आणि खालच्या पाण्याची घनता मोजली. खालचे जड निघाले. आणि शेवटी त्याने एक पेटी करून हा सगळा प्रकार टेबलावर दाखवला. १६८१ साली त्याने हे प्रसिद्ध केले. मला स्वतःला हा मार्सिली फार आवडतो. त्याने मासेमारांचे ऐकले, हे त्याच्या पेटीइतकेच मोठे वाटते.

त्याची पेटी तुम्हाला शाळेत करता येईल. मासे ठेवायची लहान काचेची टाकी घ्या. टाकीच्या रुंदीइतका जाड प्लॅस्टिकचा तुकडा कापून मधोमध पडद्यासारखा घट्ट बसवा. कडांना चिकणमाती लावली तर पाणी झिरपणार नाही. एका बाजूला साधे पाणी, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीपर्यंत मिठाचे पाणी भरा आणि मिठाच्या पाण्यात चार-पाच थेंब शाई टाका. मिठाच्या बाजूला पाण्यावर कागदाचे दोन बारीक कपटे सोडा, साध्या बाजूलाही दोन. आता पडदा हळूच सरळ वर ओढा. शाईचे पाणी तळाशी सरपटत साध्या पाण्याखाली शिरेल. वरचे कपटे कोणत्या बाजूला जातात ते मात्र मी सांगत नाही. तुम्हीच पाहा.

जिब्राल्टरला नेमके हेच चालले आहे. वरून अटलांटिकचे हलके पाणी आत, खालून भूमध्य समुद्राचे खारट, जड पाणी बाहेर. सामुद्रधुनीचा तळही सपाट नाही. तिथे सुमारे तीनशे मीटर खोलीवर एक आडवा उंबरठा आहे. त्याच्या आत समुद्र हजारो मीटर खोल. बाहेर जाणारे पाणी या उंबरठ्यावरून ओलांडून अटलांटिकच्या उतारावरून खाली घरंगळते.

मास्तरांनी इथे दुसरे गणित घातले. आत येणाऱ्या पाण्याच्या दर किलोत सुमारे ३६.२ ग्रॅम क्षार असतात, बाहेर जाणाऱ्यात ३८.४. जेवढे मीठ आत तेवढेच बाहेर गेले पाहिजे. आत ८ लाख घनमीटर येत असेल, तर बाहेर किती जावे? आठ लाखाला ३६.२ ने गुणा आणि ३८.४ ने भागा. सुमारे ७ लाख ५४ हजार. फरक उरला ४६ हजार घनमीटर, दर सेकंदाला. हीच ती तूट, जी वाफ होऊन जाते. वर्षाचा हिशेब करून २५ लाख चौरस किलोमीटरवर पसरा, म्हणजे वर सांगितलेला अर्ध्या मीटराहून थोडा जास्त थर तुम्हाला परत भेटेल. नुसते मीठ मोजून वाफ मोजता येते, ही गंमत पाहा.

खारट पाण्यात वस्तू जास्त तरंगतात. तेव्हा आमचे जहाज अटलांटिकपेक्षा इथे किती वर आले असेल, असा प्रश्न निघाला. आठ मीटर बुडणारे जहाज सेंटीमीटरभर, असे उत्तर आले. वहिनी म्हणाल्या, एवढ्यासाठी अर्धा तास?

मार्सेय सोडल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही उघड्या समुद्रात होतो. पाणी इतके निळे की वहिनींनी विचारले, "यात कुणी नीळ घातली की काय?" आपल्या किनाऱ्याचे पाणी हिरवट, पावसाळ्यात तर चहाच्या रंगाचे. आपल्या पाण्यात गाळ असतो आणि प्लवक असतात. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. त्यांतल्या वनस्पतींत हरितद्रव्य असते, म्हणून पाणी हिरवे दिसते. शुद्ध पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते आणि निळा परत पाठवते. तेव्हा निळा रंग म्हणजे पाण्यात फारसे काही नसल्याची खूण.

आणि काही का नाही? पुन्हा त्याच दाराकडे चला. वरून आत येणारे अटलांटिकचे पाणी हे वरचे पाणी. त्यातले पोषक क्षार तिथल्या प्लवकांनी आधीच खाल्लेले असतात. आत आल्यावर जे काही प्लवक वाढतात ते मेल्यावर तळाकडे बुडतात, तिथे कुजून त्यांचे पोषक क्षार खोल पाण्यात मिसळतात, आणि ते खोल पाणी उंबरठ्यावरून बाहेर जाते. म्हणजे हे घर बाजारातून निकस धान्य आणते आणि सकस बाहेर धाडते. पूर्वेकडे जावे तसा समुद्र अधिक निळा आणि अधिक उपाशी. ज्या निळाईची चित्रे काढून लोक भिंतीवर लावतात ती मासेमाराला फारशी सुखाची नाही. आपला चहाच्या रंगाचा समुद्र बांगडा देतो, हे नानांनी लगेच ऐकवले.

पाण्याची स्वच्छता मोजण्याची जगभर वापरली जाणारी साधी रीतही याच समुद्रात १८६५ साली तपासली गेली. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने रोमजवळच्या समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने खाली सोडून त्या कोणत्या खोलीला दिसेनाशा होतात ते मोजले. पूर्व भूमध्य समुद्रात अशी तबकडी चाळीस मीटरांपर्यंतही दिसू शकते. तुम्ही पांढरी ताटली वजन बांधून गावच्या खाडीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडा, आणि जूनमध्ये, ऑक्टोबरात व मार्चमध्ये आकडे लिहून ठेवा. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, कठड्यावर वाकू नका.

उंबरठ्याचा आणखी एक परिणाम जाता जाता सांगतो. महासागराच्या तळाशी ध्रुवाकडून आलेले पाणी असते, विषुववृत्ताखालीसुद्धा दोन-तीन अंशांचे. ते उंबरठा चढून आत येऊ शकत नाही. म्हणून भूमध्य समुद्र तळापर्यंत सुमारे १३ अंश सेल्सिअस, चांगला कोमट आहे.

नेपल्स सोडून आम्ही मेस्सिनाच्या सामुद्रधुनीतून गेलो. इटलीचा बूट आणि सिसिली यांच्यातली ही फट, सर्वांत अरुंद जागी तीन किलोमीटरांच्या आसपास. होमरच्या महाकाव्यातल्या जहाजे गिळणाऱ्या दोन राक्षसिणी इथल्याच, असे परंपरा मानते. भरती वीतभर, मग राक्षसिणी कुठून आल्या? उत्तरेच्या समुद्रात भरती असते त्याच वेळी दक्षिणेच्या समुद्रात ओहोटी असते. दोन्ही वीतभरच, पण फटीच्या दोन टोकांना पाण्याची पातळी वेगळी. त्यामुळे पाणी ताशी आठ-दहा किलोमीटर वेगाने इकडून तिकडे धावते आणि भोवरे उठतात. सहा तासांनी दिशा उलटते. नानांना इथे जरा बरे वाटले.

सिसिलीचा किनारा दिसू लागला तेव्हा मी सगळ्यांना त्या बेटाच्या पोटातली गोष्ट सांगितली. सिसिलीत जमिनीखाली सैंधवासारख्या मिठाच्या खाणी आहेत आणि डोंगरांत जिप्समचे जाड थर आहेत. समुद्राचे पाणी आटले की आधी जिप्सम आणि मग मीठ खाली बसते. म्हणजे हे थर आटलेल्या समुद्राचे आहेत. पण एखादे आटलेले आखात निराळे आणि सबंध भूमध्य समुद्र निराळा.

१९७० च्या ऑगस्टमध्ये 'ग्लोमार चॅलेंजर' हे समुद्राचा तळ पोखरणारे जहाज लिस्बनहून निघाले. विल्यम रायन आणि केनेथ श्यू हे दोन शास्त्रज्ञ मोहिमेचे प्रमुख होते. बार्सिलोनापासून काही अंतरावर खोल पाण्याखाली त्यांनी भोक पाडले, तर वर आले जिप्समचे खडे मिसळलेली वाळू-रेती. पुढे इतर ठिकाणी जिप्सम आणि मीठच लागले. उथळ, उन्हाच्या पाण्यातच वाढणाऱ्या शेवाळी थरांच्या खुणाही सापडल्या, आणि आज त्या जागेवर दोन-तीन हजार मीटर पाणी उभे आहे. काही भागांत या मिठाच्या थराची जाडी किलोमीटराहूनही अधिक भरते.

दुसरा पुरावा समुद्रापासून हजारावर किलोमीटर आत मिळाला. आस्वानला नाईलवरच्या धरणासाठी जमीन तपासताना चुमाकोव्ह या रशियन भूवैज्ञानिकाला नदीच्या पात्राखाली गाळाने भरलेली एक घळ सापडली. ती समुद्रसपाटीच्याही खाली उतरत होती आणि तिच्या तळाशी समुद्रातला गाळ होता. नदी समुद्रसपाटीखाली कशी खोदेल? समुद्रच खाली गेला असेल तर! सह्याद्रीचा कडा जिथे एकदम तुटतो तिथे ओढ्यांनी केवढ्या खोल दऱ्या कापल्या आहेत ते आठवा. नाईलपुढेही तसाच कडा तयार झाला होता.

घडले असे असावे. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी आफ्रिका आणि युरोप एकमेकांकडे सरकताना अटलांटिककडची वाट उचलली जाऊन जवळजवळ बंद झाली. उसनवारी थांबली. मग किती काळ लागेल? सरासरी खोली सुमारे १,५०० मीटर आणि तूट वर्षाला ०.६ मीटर धरा. अडीच हजार वर्षे! पृथ्वीच्या वयात ही डोळ्याची उघडझाप. अर्थात समुद्र आटू लागला की त्याचे क्षेत्र कमी होते, खारट पाणी सावकाश उडते, तेव्हा हा हिशेब ढोबळच.

पण मास्तरांनी इथे बोट ठेवले. दीड हजार मीटर पाणी आटले तर मीठ किती उरेल? एक चौरस मीटरवर सुमारे १,५०० टन पाणी, त्यात ५७ टन मीठ. मिठाच्या खडकाचा एक घनमीटर सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. म्हणजे थर पंचवीस मीटरांचा. मग किलोमीटरभर मीठ आले कुठून? म्हणजे अटलांटिकचे पाणी पुन्हा पुन्हा, किंवा सतत झिरपत, आत येत राहिले आणि आटत राहिले. समुद्र संपूर्ण कोरडा पडला होता की तळाशी खाऱ्या पाण्याची तळी उरली होती, आणि पातळी नेमकी किती उतरली होती, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत. ५३ लाख ३० हजार वर्षांपूर्वी जिब्राल्टरचे दार उघडले आणि अटलांटिक आत कोसळला, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे. आपण आज जिच्यावरून जहाजे नेतो ती सामुद्रधुनी म्हणजे त्या पुराची वाट.

माणसाने या घराच्या जमाखर्चात हात घातला तो अलीकडे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. आपल्या मुंबईचा युरोपशी व्यापार त्याने जवळ आणला हे इतिहासात वाचता. पण त्या कालव्याला पाणी अडवणारे दरवाजे नाहीत, त्यामुळे समुद्राला दुसरे दार पडले. वाटेतल्या तळ्यांतले अतिशय खारट पाणी बराच काळ माशांना अडवत होते. ते मीठ विरघळून गेल्यावर वाट मोकळी झाली. तांबड्या समुद्रातले विषारी काट्यांचे सिंहमासे आणि खाल्ल्यास जीव घेणारे फुगे मासे आता ग्रीस आणि तुर्कस्तानच्या जाळ्यांत येतात. समुद्र तापत चालल्याने त्यांना इथे घरच्यासारखे वाटते. दुसरीकडे आस्वानच्या मोठ्या धरणाने १९६४ पासून नाईलचा पूर अडवला. त्या पुराबरोबर येणारे पोषक क्षार थांबले, आणि १९६५ नंतर इजिप्तच्या किनाऱ्यावरची सार्डिनची मासेमारी कोसळली. ज्या समुद्राला खायला आधीच कमी, त्याच्या तोंडचा घास गेला.

ट्रिएस्टला उतरलो त्या दिवशी अमावास्या होती. तिथून आगगाडीने व्हेनिस. व्हेनिसला पूर्वी मोठी प्रवासी जहाजे थेट शहराच्या मधल्या कालव्यातून जात. १ ऑगस्ट २०२१ पासून त्यांना तिथे बंदी आहे, आणि ते फार चांगले झाले असे मला वाटते.

आड्रियाटिक हा लांब, चिंचोळा आणि उत्तरेकडे उथळ होत जाणारा समुद्र. परातीतले पाणी हलवले की कडेला चढते, तसे त्याच्या टोकाला भरती फुगते आणि उधाणाला मीटरभर होते. तिच्यात आग्नेयेचा वारा मिळाला की पाणी शहरात शिरते. ४ नोव्हेंबर १९६६ ला ते ठरलेल्या शून्यरेषेवर १९४ सेंटीमीटर चढले होते, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७. आता खाजणाच्या तोंडांवर ७८ पोलादी झडपा बसवल्या आहेत. मोठी भरती येणार असे दिसले की त्या उभ्या करतात. पहिल्यांदा उपयोग झाला तो ३ ऑक्टोबर २०२० ला.

नाना एका घराच्या दाराकडे पाहत राहिले होते. उंबऱ्यापासून पाणी हातभरही खाली नव्हते. "आमच्याकडे कित्येक मीटर चढउतार, म्हणून घर टेकाडावर बांधतो," ते म्हणाले. "यांना वीतभर, हातभरच माहीत, म्हणून हे पाण्याला चिकटून बसले. आता समुद्रच वीतभर चढला, तर?" गेल्या दीडशे वर्षांत समुद्राची पातळी जगभर सरासरी तेवढी, वीतभर, चढलेलीच आहे. व्हेनिसला तर जमीनही खचली आहे. मी त्यांना झडपांविषयी सांगू लागलो. पण त्यांचे लक्ष नव्हते. ते घाटाच्या पायऱ्यांशी वाकून पाहत होते. खालच्या दोन पायऱ्या ओल्या, हिरव्या शेवाळाने माखलेल्या होत्या, आणि पाणी तिसरीला होते.

"ही बघा," नाना वहिनींना म्हणाले. "सुकती लागली."